गॅलरीतला अडुळसा आणि आमच्या घरातले दोन खोकले

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. तिकडे अडुळसा कोणी हौसेने लावत नाही, तो वईलाच असतो, म्हणजे कुंपणाला. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, शेळीसुद्धा हुंगून पुढे जाते, त्यामुळे कुंपणाला अडुळसा आणि निर्गुडी हे ठरलेलंच. आम्ही पोरं थंडीच्या शेवटी त्याची पांढरी फुलं तोडायचो आणि देठाकडून चोखायचो, थेंबभर गोड लागायचं. आणि मग खोकला झाला की आजी त्याच झाडाची पानं घेऊन यायची, ती इतकी कडू की दुसऱ्या दिवशीपर्यंत घशाला चव राहायची. एकाच झाडाचं फूल गोड आणि पान असं कडूजहर कसं, हे मला तेव्हा फार नवल वाटायचं.

लग्न होऊन डोंबिवलीला आले, तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी, सकाळी अकरापर्यंत ऊन. तुळस, गवती चहा, ओव्याचं पान हे सगळं होतं पण अडुळसा कधी डोक्यात आला नाही, तो गावाला आहेच की, असंच वाटायचं. मुलगा शाळेत जायला लागल्यावर मात्र दर पावसाळ्यात एकदा आणि दिवाळीच्या फटाक्यांच्या धुरानंतर एकदा असा खोकला ठरलेला, छातीत घरघर, रात्री दोनला उठून बसायचा. २०२२ च्या जूनमध्ये ठरवलं की आता झाड आणायचंच.

पहिलं झाड नर्सरीतून आणलं आणि तिथेच फसले. अडुळसा म्हणून जे दिलं त्याची पानं अरुंद, गडद हिरवी आणि खोड जांभळट काळं. मला लहानपणचा अडुळसा आठवत होता, वीतभर लांब, रुंद, मऊ पानं, समोरासमोर जोडीने येणारी, हातात चुरगळली की एक उग्र हिरवट वास येणारी. हे तसं नव्हतं. माणूस म्हणाला ताई हा पण अडुळसाच, आणि तो खोटं बोलत नव्हता, कारण त्याला काळा अडुळसा म्हणतातच, पण ते झाड वेगळं, त्याचा उपयोग वेगळा, खोकल्यासाठी आपण ज्याला अडुळसा म्हणतो तो हा नाही. म्हणून कळकळीने सांगते, नुसतं नाव सांगून झाड आणू नका, पान बघा, जमलं तर फूल बघा. खऱ्या अडुळशाचं फूल पांढरं, दोन ओठ असल्यासारखं उघडलेलं आणि खालच्या ओठावर जांभळट गुलाबी रेघा. त्याला संस्कृतात सिंहास्य म्हणजे सिंहाचं तोंड असं एक नाव आहे ते ह्या फुलावरून, आणि एकदा फूल जवळून बघितलं की ते नाव अगदी पटतं.

मग गावी वहिनीला फोन केला. ती म्हणाली त्यात काय, वईचा तोडून देते. भाऊ पंधरा दिवसांनी एसटीने येणार होता त्याच्याबरोबर तिने चार काड्या पाठवल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून वरून केळीचं सोप बांधून, इतक्या छान की दहा तासांच्या प्रवासानंतरही काड्या ताज्या टवटवीत. त्या चारातल्या तीन मी मारल्या. कुंडीखाली ताटली ठेवली होती, जुलैचा पाऊस गॅलरीत येत होता तरी मी आपली सकाळ संध्याकाळ पाणी घालत होते, कटिंगला ओल लागते म्हणून. दहाव्या दिवशी एक काडी हलवून बघितली तर खालून काळी पडून पिचपिचीत झालेली, वास येत होता. दुसरी तशीच. तिसरी वरून हिरवी होती म्हणून आशेवर राहिले, तीपण गेली.

चौथी जगली ती माझ्या हुशारीने नाही. जागा नव्हती म्हणून ती मी जुन्या रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात खोचली होती, त्याला खाली यजमानांनी ड्रिलने आठ भोकं पाडलेली आणि मातीत वाळू भरपूर पडलेली. पाणी थांबतच नव्हतं. एवढाच फरक. नंतर मी बरीच कटिंग केली आणि आता माझी पद्धत अशी की पेन्सिलीएवढी जाड काडी घ्यायची, अगदी कोवळी हिरवी नाही आणि जून लाकूड झालेलीही नाही, तीन चार पेरं असलेली, खालचा काप पेराच्या बरोबर खाली तिरका, खालची पानं सगळी काढायची, वरची दोन ठेवायची तीपण अर्धी कापून, दोन पेरं मातीत आणि दोन वर. माती निम्मी आणि वाळू निम्मी. शेणखत तेव्हा घालायचंच नाही, मूळ धरल्यावर घालायचं. आणि नवीन पान फुटलं म्हणून लगेच उपटून दुसऱ्या कुंडीत हलवायचं नाही, कारण काडीत साठवलेल्या जोरावरच पहिली पानं फुटतात, मुळं मागून येतात. मी दीड दोन महिने हात लावत नाही.

पहिल्या वर्षी मी एक पानही तोडलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात झाड माझ्या खांद्याला लागलं, गॅलरीच्या ग्रिलमधून बाहेर डोकं काढायला लागलं, तेव्हा शेंडे छाटले आणि मग ते खालून फुटून झुडपासारखं झालं. कीड म्हणाल तर शेजारच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकणाने उच्छाद मांडला होता तेव्हाही अडुळशाला काही झालं नाही.

आता वापराचं. २०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, मुलाची छाती भरली. मी मोठ्या उत्साहाने वीस पानं तोडली, धुतली, खलबत्त्यात घातली आणि कुटायला लागले. कुटतेय कुटतेय, हिरवा लगदा झाला, फडक्यात घालून पिळला तर फडकं ओलं झालं आणि वाटीत चार थेंब. मनगट दुखायला लागलं. थोडं पाणी घातलं, मिक्सरमधून काढलं, तर फेसाळ हिरवं पाणी झालं आणि मुलाने एक घोट घेऊन ओकून टाकलं.

आमच्या शेजारच्या सोसायटीत एक वैद्यबाई राहतात, सत्तरीच्या आहेत, अजून सकाळी पेशंट बघतात. त्यांच्याकडे गेले तर त्यांनी आधी मला काही सांगितलंच नाही, मुलाला जवळ घेतलं, खोकून दाखव म्हणाल्या, पाठीला कान लावला, ताप विचारला, धाप लागते का, कफाचा रंग कोणता, किती दिवस झाले, सगळं. मग म्हणाल्या, अगं अडुळशाचं पान हिरवं पिळून रस निघत नाही, त्याला पुटपाक करावा लागतो. जुन्या पद्धतीत पानांचा कल्क, म्हणजे वाटून लगदा, करून गोळा करतात, तो वडाच्या नाहीतर जांभळाच्या पानात गुंडाळून वरून मातीचा लेप देतात आणि विस्तवात ठेवतात, माती लाल झाली की फोडून आतला गोळा पिळायचा. तू फ्लॅटमध्ये विस्तव कुठे करणार, इडलीपात्रात वाफव.

घरी येऊन तसं केलं. ताजी, पूर्ण वाढलेली पण पिवळी न पडलेली पानं, मधली शीर काढून, केळीच्या पानात पुडी बांधून इडलीपात्रात पंधरा मिनिटं. झाकण उघडलं तेव्हा स्वयंपाकघरभर वास पसरला, जरासा चहाच्या पत्तीसारखा, जरासा ओल्या गवतासारखा. पोपटी हिरवी पानं काळपट शेवाळी होऊन आपसात चिकटली होती. गरम असतानाच सुती फडक्यात घेऊन पिळलं आणि अक्षरशः हाताला जोर न लावता गडद, तपकिरी हिरवा, थोडा चिकट रस वाटीत उतरला. तेवढ्याच वीस बावीस पानांचा चांगला तीन चमचे. मी वाटी घेऊन सासूबाईंना दाखवायला गेले, त्या म्हणाल्या आमच्याकडे चुलीतल्या गरम राखेत पानं पुरायचे, आत्ता आठवलं बघ.

मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. वैद्यबाईंनी त्याला अर्धा चमचा रस, तेवढाच मध, सकाळ संध्याकाळ, जेवणानंतर, फक्त तीन दिवस असं सांगितलं होतं. मोठ्या माणसाला दोन चहाचे चमचे. जास्त घेतलं तर उलटी होते हे त्यांनी दोनदा बजावलं. दुसऱ्या दिवशी कफ सुटायला लागला, तिसऱ्या रात्री पोरगं सलग झोपलं. आता हे रसाने झालं की वाफारे आणि गरम पाण्याने की दिवस भरले म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, तिन्ही एकत्र चाललं होतं. पण पुढच्या वेळी आमच्या मुलांच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी उडवून लावलं नाही. ते म्हणाले, आम्ही कफ पातळ करायला जे ब्रोमहेक्सिन, ॲम्ब्रॉक्सॉल देतो ना त्याचं मूळ तुमच्या ह्या झाडातच आहे, अडुळशातलं वासिसिन नावाचं द्रव्य घेऊन त्यावर काम करत करत ती औषधं तयार झाली. मला त्या दिवशी आमच्या वईचा इतका अभिमान वाटला की बस.

इथपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं. ह्याच्या पुढचं जे आहे ते लिहिण्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसले.

डिसेंबरात सासूबाईंना खोकला सुरू झाला. कोरडा, घशात काहीतरी खवखवल्यासारखा, रात्री आडवं झालं की जास्त. मुलाचा बरा झालेला, घरात झाड डोलतंय, मला वाटलं आईंचा तर चुटकीसरशी जाईल. रस सुरू केला. तीन दिवसांनी फरक नाही म्हणून आठवडा. मग कुठेतरी वाचून काढा करायला लागले, अडुळशाची पानं, ज्येष्ठमध, मिरी, पिंपळी, दोन कप पाण्याचं अर्धा कप. ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटायचं त्यांना, म्हणून मी ते वाढवत गेले, रोज दोन वेळा, चांगली बोटभर काडी ठेचून. मधे एका दवाखान्यात दाखवलं तर अँटिबायोटिकचा कोर्स दिला, दहा दिवसांनी परत तसाच म्हणून दुसरा दिला, तिथे कोणी विचारलं नाही की आजी तुम्हाला आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत. पण खरं सांगू का, मीही विचारलं नव्हतं. पाच आठवडे झाले. आई रात्री उशीला टेकून बसून राहायच्या, मुलाची झोप मोडू नये म्हणून तोंडावर पदर धरून खोकायच्या, आणि मला म्हणायच्या, तू एवढं करतेस गं, माझ्याच अंगाला लागत नाही.

शेवटी वैद्यबाईंकडे नेलं. त्यांनी तोच प्रश्न विचारला, कफ पडतो का. नाही. ताप? नाही. वजन? तेवढंच. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, कोरड्या खोकल्याला तू पाच आठवडे अडुळसा देतेस? हा कफाच्या खोकल्याचा धनी आहे, कोरड्याला हा नाही. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की घरात काहीही करत बसायचं नसतं, आधी तपासायचं, टीबी आहे का बघायचं, हे सरकारसुद्धा सांगतं. त्यांनी स्वतः एक औषध न देता आम्हाला फिजिशियनकडे पाठवलं.

तिथे एक्स-रे काढला, स्वच्छ निघाला. बीपी बघितलं तर १६०/९५. डॉक्टर म्हणाले गोळी चालू असताना एवढं? कोणती गोळी, कधीपासून? मी पिशवीतून पाकीट काढलं. रामिप्रिल, सप्टेंबरपासून बदलून दिलेली. ते पाकीट बघूनच म्हणाले, खोकल्याचं कारण बहुतेक हेच. ह्या गटातल्या गोळ्यांनी काही लोकांना असा कोरडा खोकला लागतो, कधी लगेच लागतो, कधी काही महिन्यांनी. आणि मग बीपीचं काय म्हणून विचारलं, खाण्यापिण्यात काही नवीन, तर आईच म्हणाल्या, सून काढा देते रोज. त्यात काय काय ते मी सांगितलं आणि ज्येष्ठमधावर ते थांबले. ज्येष्ठमध रोज, एवढ्या प्रमाणात घेतलं तर शरीरात मीठ पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं, बीपी चढतं. त्यांनी रक्त तपासलं, पोटॅशियम खरंच खालच्या काठावर होतं.

गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली, काढा बंद. तीन आठवड्यांत खोकला कमी कमी होत गेला आणि बीपीही खाली आलं. पण त्या रिक्षातल्या परतीच्या प्रवासात मला रडू आवरत नव्हतं. आई माझ्या हातावर थोपटत म्हणाल्या, तू काय विष दिलंस का, औषधच दिलंस ना. तेच तर होतं, औषध होतं म्हणूनच त्याने काम केलं, नको ते. घरचं आहे, झाडपाल्याचं आहे, फायदा नाही झाला तरी तोटा नाही, हे वाक्य मी तोपर्यंत शंभरदा बोलले असेन, त्यानंतर एकदाही नाही.

झाड मी ठेवलं. फक्त फ्रिजवर आता एक कागद चिकटवलेला आहे, आमच्या घरात कोणाला कोणती गोळी चालू आहे आणि कधीपासून. कोणी खोकलं की मी आधी झाडाकडे जात नाही, माणसाजवळ बसते. कफ आहे का, रंग कसला, रक्त आहे का, ताप, धाप, किती दिवस. ओला खोकला, तीन चार दिवसांचा, बाकी माणूस ठणठणीत, एवढ्यालाच रस, तोही तीन दिवस. बाकी सगळ्याला डॉक्टर.

वैद्यबाईंनी मला एकदा तो प्रसिद्ध श्लोक म्हणून दाखवला, वासायां विद्यमानायाम् आशायां जीवितस्य च, म्हणजे अडुळसा आहे आणि जगायची आशा आहे तोवर रक्तपित्ताच्या, म्हणजे अंगातून रक्त पडण्याच्या, क्षयाच्या, खोकल्याच्या रोग्याने खचून का जावं. मला तो फार आवडतो, त्यात झाडावरचं प्रेम आहे. पण त्याच बाईंनी आमच्या आईंना एक्स-रे काढायला पाठवलं होतं हेही मला त्याच्याबरोबर आठवतं.

गेल्या वर्षी वासावलेह, म्हणजे अडुळशाचं चाटण, पण करून बघितला, वैद्यबाईंच्या समोर बसून. रस, खडीसाखर, साजूक तूप, पिंपळीची पूड आणि मध. रस आणि साखर मंद आचेवर आटवत बसायचं, दीड तास लागला, बोटावर घेऊन तार बघायची. मध मात्र सगळं पूर्ण थंड झाल्यावरच, गरमात मध घालायचा नाही. माझी पहिली बरणी बाराव्या दिवशी बुरशीने गेली कारण रस पुरता आटला नव्हता आणि कोणीतरी ओला चमचा घातला. दुसरी वेळ आणखी अर्धा तास आटवला, काचेची बरणी उन्हात वाळवून घेतली, ती दोन महिने नीट टिकली. तरी एवढी खटपट वर्षातून एकदाच, हिवाळ्याच्या तोंडावर, लहान बरणी.

२०२५ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याला भेसळीच्या कफ सिरपने लहान लहान मुलं गेली त्या बातम्या आल्या तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणी पानं मागायला आल्या. सगळ्या घाबरलेल्या, आणि घाबरण्यासारखंच होतं ते. एकीचं बाळ आठ महिन्यांचं. तिला मी पानं दिली नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो, आणि एवढ्याशा जिवाला हा रस द्यायचा की नाही हे मी कोण ठरवणार, तिला बाळाच्या डॉक्टरांकडेच जा म्हटलं, ती जरा नाराज होऊन गेली. दुसरी चौथ्या मजल्यावरची, तिला पाचवा महिना. तिला तर मी दारातच थांबवलं, कारण अडुळसा गर्भाशयावर काम करतो, गरोदरपणात तो चालत नाही, हे मला आजीनेही सांगितलं होतं आणि वैद्यबाईंनीही. तिला हे कोणीच सांगितलं नव्हतं, ती म्हणाली काकू मी तर उद्यापासून सुरू करणार होते.

ह्या थंडीत आमच्या डब्यातल्या झाडाला पहिल्यांदा भरपूर फुलं आली. सकाळी सात साडेसातला एक शिंजीर येतो, ग्रिलवर बसून फुलात चोच घालतो, आणि दुपारी मोठे काळे भुंगे. मुलाला मी फूल देठाकडून चोखायला शिकवलं, तो म्हणाला आई हे त्याच कडू झाडाचं? सासूबाईंनी पण एक चोखलं.

फुलं संपली की छाटणी आहे. काड्या फेकून देववत नाहीत म्हणून पावसाळ्यात पाच कटिंग करणार आहे, रंगाचे छोटे डबे जमवून ठेवलेत, भोकं पाडून. त्यातलं एक चौथ्या मजल्यावरच्या त्या मुलीचं. तिला सांगून ठेवलंय, आधी सुखरूप बाळंत हो, बाळ वर्षाचं होऊ दे, तोपर्यंत तुझं झाड माझ्याच गॅलरीत वाढेल.